पुठ्ठ्याचा कंगवा

साडीवर निळं ट्रॅकसूटचं जाकीट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. ताकसांडे मॅडमना मी अठरा वर्षं रोज याच वेशात पाहिलं. बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना त्या पांढरी साडी नेसत आणि जाकीट घरी ठेवत, पण शिट्टी तेव्हाही पदराखाली असायची अशी माझी खात्री आहे. बूट दर सोमवारी पांढरेशुभ्र होऊन येत. पावसाळ्यात नालवाडीतल्या आमच्या शाळेपर्यंतचा रस्ता कसा असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला एवढ्यावरूनच बाईंचा स्वभाव कळावा.

त्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका आणि मी गणिताचा मास्तर. म्हणजे आमच्यात वैर असणं क्रमप्राप्तच होतं. परीक्षा जवळ आली की गणिताचा मास्तर पहिला हात मारतो तो पी.टी.च्या तासावर. मी तर परीक्षा जवळ येण्याचीही वाट पाहत नसे. दशांश अपूर्णांक राहिले, घातांक राहिले, स्कॉलरशिपचा सराव राहिला. काही ना काही राहिलेलंच असे आणि मॅडमचा तास आयता समोर दिसे. मग त्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहत. आत येत नसत. दोन्ही हात कमरेवर.

"सर, या महिन्यातला हा चौथा," त्या म्हणत. "पचून राह्यला नं?"

पोरं फिसकन हसत. मी फळ्याकडे तोंड करून उगाच एखादी रेघ पुसून पुन्हा मारत असे. मॅडम निघून जात आणि थोड्या वेळाने रिकाम्या मैदानावरून शिट्टी ऐकू येई. समोर एकही पोर नसताना त्या शिट्टी का वाजवत, हे मी कधी विचारलं नाही. माझ्यासाठीच वाजवत असाव्यात.

मॅडम मूळच्या पुलगावच्या. वडील तिथल्या कापडगिरणीत कामाला होते. "बाबा ड्यूटीले निघाले का मी त्यायच्या मांगं पळत जाओ. गेटापासून वापस, तेही पळतच," असं त्या सांगत. पळता पळता त्या विद्यापीठाच्या खो-खो संघात गेल्या आणि तिथून आमच्या शाळेत आल्या. पळण्यावर त्यांची इतकी श्रद्धा, की एखादा धडधाकट मुलगा बापाच्या स्कूटरवरून उतरताना दिसला तरी त्यांचा चेहरा उतरे. पोरांना त्या नावावरून कमी आणि चालीवरून जास्त ओळखत. पाठमोरा कुणी शंभर पावलांवर असला तरी "ए, टाच घासू नको" अशी हाक जाई आणि ती बरोबर त्याच पोराला लागे.

आणि शाळेची इज्जत. हा त्यांचा आवडता शब्द. त्यांचा गुण तो आणि दोषही तोच. शाळेत कुणी पाहुणा येणार म्हटलं की मॅडम तालीम सुरू करत. साहेब आले की 'नमस्ते' एका सुरात निघालं पाहिजे, टाळ्या एकदम थांबल्या पाहिजेत, राष्ट्रगीतात कुणाचा हात हलता कामा नये. एकदा शिक्षणखात्याचे कुणी अधिकारी यायचे होते, तर शाळेचं वाकडं फाटक दिसू नये म्हणून त्यांनी नववीची अख्खी रांग फाटकासमोर उभी केली होती. अधिकारी आत आले कुठून, तर मागच्या दाराने. त्यावरून मी त्यांना पुढे दोन वर्षं चिडवलं.

पण मला सांगायचं आहे ते डोळ्यांचं.

दरवर्षी आमच्याकडे मुलांचे डोळे तपासायला पथक येतं. तपासणीचा तो तक्ता अनेकांनी पाहिला असेल. त्यावर इंग्रजी ई हे एकच अक्षर असतं, वरच्या ओळीत मोठं आणि खाली खाली बारीक होत गेलेलं, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दिशेला वळवलेलं. वीस फुटांवर उभं राहायचं, एक डोळा तळव्याने झाकायचा आणि ईचे तीन दात ज्या बाजूला असतील तिकडे हात करायचा. आमची पोरं त्याला कंगवा म्हणत. एका वर्षी तपासणीच्या वेळी पोरांची त्रेधा उडाली. डाव्याला उजवा म्हणत, उजव्याला वर म्हणत, एकमेकांकडे पाहून हसत. सकाळचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. पथकातलं कुणीतरी जाता जाता सहज म्हणालं, "काय हो, डावं-उजवं शिकवत नाही का पोरांना?"

डावं-उजवं म्हणजे कवायत, आणि कवायत म्हणजे मॅडमचं खातं. तो शब्द त्यांना लागला.

पुढच्या वर्षी पथक यायच्या आठ दिवस आधी मॅडमनी शाळेच्या कपाटातला तसाच तक्ता बाहेर काढला. शिक्षकांना प्राथमिक तपासणीसाठी म्हणून तो दिलेला होता. प्रार्थना झाली की सगळी शाळा मैदानावर उभी, डावा तळवा डाव्या डोळ्यावर, आणि मॅडम शिट्टीच्या तालावर ओरडताहेत. "उजवा! वर! डावा! वर! खाली!" शेकडो हात एकदम फिरत. मी शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून पाहत होतो आणि खरं सांगतो, दृश्य देखणं होतं.

पथक आलं. पोरांनी असे हात दाखवले की जेवणाच्या सुट्टीच्या आत काम आटोपलं. एकाही विद्यार्थ्याच्या नजरेत दोष नाही, असा अहवाल मुख्याध्यापकांनी सूचनाफलकावर लावला. मॅडमनी सगळ्या शिक्षकांना आलुबोंडे खाऊ घातले. मी गणिताचा मास्तर. एवढ्या मोठ्या शाळेत एकाही पोराची नजर कमी नाही हे उत्तर कुठेतरी चुकलंय, हे निदान माझ्या तरी लक्षात यायला हवं होतं. मी दुसरा आलुबोंडा उचलला.

त्या वेळी सहावीत श्रावणी नावाची मुलगी होती. वयाच्या मानाने उंच, म्हणून मी तिला शेवटच्या बाकावर बसवलेलं. फळ्यावर मी तीन लिहावा आणि तिच्या वहीत आठ निघावा. अधिकाचं चिन्ह तिच्या वहीत जाईपर्यंत गुणिले व्हायचं. मी लाल शाईने 'निष्काळजीपणा' असं लिहून खाली दोन रेघा ओढत होतो. शेवटी तिच्या वडिलांना बोलावलं. ते ट्रक चालवायचे, कारंज्याच्या रोडने संत्री, कापूस, जे मिळेल ते न्यायचे. माझ्यासमोर टोपी हातात घेऊन उभे राहिले. पोरीचं अभ्यासात लक्ष नाही, असं मी सांगितलं.

"मंग औंदा पाहतो जी," ते म्हणाले. "पास झाली तं ठीक, नाई तं काढून घेतो. घरी मायले मदत होईन."

मी 'अहो, असं नका करू' एवढंही म्हटलं नाही. "बघा तुम्ही," म्हणालो. हे वाक्य आजही मला टोचतं.

हीच श्रावणी मैदानावर मॅडमच्या गळ्यातला ताईत होती. खो-खोत तिला कुणी धरू शकत नसे. मागून येणाऱ्या पावलांच्या आवाजावरून ती वळायची. मॅडमनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून हाताच्या खुणांनी तिला खेळवायचं ठरवलं, कारण तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर होत्या. आणि तिथे गाडी अडली. मॅडम डावीकडे खूण करत आणि ही उजवीकडे पळे. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा शिट्टी अशी वाजली की मी व्हरांड्यात वह्या तपासत होतो तो उठून उभा राहिलो.

"काऊन व श्रावणी? माहा हात दिसत नाई का तुले?"

"दिसते जी मॅडम."

"मंग सांग, किती बोटं हायेत?"

श्रावणीने मान थोडी पुढे काढली, डोळे बारीक केले. "दोन," ती म्हणाली.

मॅडमचे दोन्ही हात कमरेवर होते.

मग तरातरा कचेरीत आल्या, कपाटातून तक्ता घेतला आणि मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाला ठोकलेल्या खिळ्याला टांगला. पावलं मोजून श्रावणीला वीस फुटांवर उभं केलं. पोरीने तळवा डोळ्यावर ठेवला आणि सुरू झाली. उजवा, वर, डावा, वर, खाली. शेवटच्या बारीक ओळीपर्यंत एक चूक नाही. जिथे शिट्टीसाठी थांबायचं तिथे थांबलीसुद्धा.

मॅडमनी तक्ता खिळ्यावरून काढला आणि उलटा टांगला. "आता परत सांग."

उजवा, वर, डावा, वर, खाली. त्याच तालात, तसाच हात फिरवत. तक्ता उलटा झाला आहे हेच तिला कळलं नव्हतं.

मॅडम कडुलिंबाच्या ओट्यावर बसल्या. मैदानावर भर दिवसा बसलेल्या मी त्यांना पहिल्यांदा पाहत होतो. मी जवळ गेलो.

"पाठ काऊन म्हटलं व पोरी?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"तुमीच तं शिकवलं नं मॅडम."

"दिसत नाई हे कोनाले सांगितलं काऊन नाई?"

"मले वाटलं, सगळ्यायले असंच दिसते."

मी हातातल्या गठ्ठ्यातली एक वही उघडली. योगायोगाने नव्हे, तिचीच शोधून काढली. लाल रेघांच्या वरची गणितं पहिल्यांदा नीट पाहिली. तिने उतरवलेली गणितं चुकीची होती, पण त्या चुकीच्या गणितांची उत्तरं एकूण एक बरोबर होती. म्हणजे पोरीला गणित येत होतं. फळा येत नव्हता.

त्याच दुपारी मॅडम मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. मुख्याध्यापक घाबरट होते, वाईट नव्हते. "अहवाल वर गेला मॅडम," ते म्हणाले. "आता काय सांगायचं? एका मुलीला आपण खासगीत दाखवून आणू."

"एकीचं कळलं. बाकीच्यायचं काय? मी सगळ्या शायेले पाठ करून देल्लं."

पथकाला पत्र लिहायचं ठरलं. मसुदा करायला मला बोलावलं, कारण शाळेचा सरकारी पत्रव्यवहार मीच करायचो. मी लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव फेरतपासणी होणे आवश्यक वाटते.' माझ्या मते वाक्य सुरेख होतं. कुणाच्या अंगावर काही येत नव्हतं. मॅडमनी ते वाचलं आणि कागद दोन्ही हातांनी फाडला.

"तांत्रिक काय असते सर यात? म्या केलं. तसंच लिवा."

मी लिहीना म्हटल्यावर त्यांनी स्वतः लिहिलं. ते पत्र मला अजून पाठ आहे. 'मी विद्यार्थ्यांकडून तक्ता पाठ करून घेतला. चूक माझी आहे, मुलांची किंवा शाळेची नाही. एका मुलीला दिसत नाही हे आज कळले. अजून किती आहेत मला माहीत नाही. लवकर या.' खाली सही, आणि सहीखाली पूर्ण हुद्दा. ज्या बाईने आयुष्यभर शाळेची इज्जत सांभाळली, तिने ती स्वतःच्या हाताने पाकिटात घालून पाठवली. इज्जत म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. आमच्यापैकी कुणालाही ते पत्र लिहिता आलं नसतं. मला तर मुळीच नाही.

पथक पुन्हा आलं. पथकाच्या प्रमुखांना पोरं 'डोळ्यांचे साहेब' म्हणत. ते रागावले नाहीत. ते पत्र त्यांनी घडी करून खिशात ठेवलं होतं. या वेळी त्यांनी अक्षर हातात धरून हवं तसं फिरवलं आणि नजर कमी असलेली अकरा पोरं निघाली. श्रावणीचा नंबर सगळ्यांत मोठा, दोन्ही डोळ्यांना उणे चार.

मॅडमनी साहेबांना सोडलं नाही. हे होतं कशाने, वाढतं कशाने, थांबतं कशाने, असे प्रश्न विचारत त्यांच्यामागे फिरल्या. साहेबांनी सोपं करून सांगितलं. मूल वाढतं तसा त्याचा डोळाही वाढतो. काहींचा लांबीला जरा जास्त वाढतो, मग जवळचं दिसतं आणि दूरचं पुसट होतं. घराण्यातून येतं, तासन्‌तास जवळचं पाहण्याने भर पडते.

"आणि एक," साहेब म्हणाले. "मुलं दिवसाउजेडी रोज तास-दोन तास बाहेर राहिली, तर चष्मा लागण्याची शक्यता कमी होते. निदान लागायला उशीर होतो."

"बाहेर म्हणजे उन्हातच का? आपल्या वर्ध्याच्या उन्हात?"

"सावलीत चालेल. झाडाखाली चालेल. फक्त उघड्यावर हवं."

मॅडम सावकाश वळल्या आणि माझ्याकडे पाहिलं. इतक्या समाधानाने त्यांनी माझ्याकडे त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही नाही. त्या दिवसापासून पी.टी.चा एकही तास मला मिळाला नाही.

चष्मे आले, पण श्रावणीच्या वडिलांनी तिचा चष्मा घ्यायलाच नकार दिला. चष्म्याने नंबर वाढतो, पोरीला गाजर खाऊ घालतो, मोबाइल बंद करतो, असं बरंच सांगितलं. खरी गोष्ट शेवटी निघाली. मॅडम मला सोबत घेऊन त्यांच्या घरी गेल्या होत्या. अंगणात ट्रक उभा होता.

"पोरीच्या जातीले चष्मा म्हटलं तं उद्या सोयरीक कोन करीन, मॅडम?"

"सोयरीक करनारा आला तं त्याचं तोंड तरी दिसू द्या तिले," मॅडम म्हणाल्या. आतून श्रावणीच्या आईचं हसू ऐकू आलं. मग मॅडम ट्रककडे वळल्या. "भाऊ, एक काम करा. समोरच्या काचीवर पानी मारा, वायपर बंद ठेवा, आन् ही गाडी कारंज्यापर्यंत नेऊन दाखवा."

"काय बोलता मॅडम? पयल्याच वळनावर ठोकीन नं मी."

"पोरगी तशीच रोज शायेत येऊन राह्यली. आन् आपन तिले निष्काळजी म्हनून राह्यलो."

'आपण' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी वडिलांना वही दाखवली. पोरीचं लक्ष आहे, ती हुशार आहे, चूक माझी झाली, असं सांगितलं. वडिलांनी एकदा ट्रकच्या काचेकडे पाहिलं. मग त्यांनी मॅडमच्या हातातून चष्म्याची डबी घेतली आणि स्वतःच उघडली.

दुसऱ्या दिवशी श्रावणी चष्मा लावून वर्गात आली. मी तिला पहिल्या बाकावर बसवलं, पण ती मधल्या सुट्टीनंतर आपल्या जुन्या जागी जाऊन बसली. तिथून फळा दिसतो का ते तिला बघायचं होतं. मी गणित लिहिलं आणि वळलो, तर ती एकटक माझ्याकडे पाहत होती.

"काय गं? दिसत नाही का?"

"दिसते जी सर," ती म्हणाली. "तुमच्या मिशीत पांढरे केस हायेत."

वर्ग हसला. मीही हसलो. त्यावर ती आणखी चकित झाली. मागच्या बाकावर तिच्यापर्यंत माझा फक्त आवाज पोहोचत होता, आणि आवाजावरून तिने मला कायमचा रागावलेला ठरवलं होतं. त्या वर्षी ती नुसती पास झाली नाही, गणितात वर्गात दुसरी आली. वडिलांनी शाळा सोडवण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

मॅडमनी मग वहीचा पुठ्ठा कापून तळहाताएवढा एक ई केला, त्याला काळा रंग दिला आणि तो जाकिटाच्या खिशात ठेवला. पोरांचा कंगवा तो मॅडमचाही कंगवा झाला. प्रार्थनेनंतर, खेळताना, रविवारी विहारातली वंदना संपल्यावर, कुठेही तो खिशातून निघायचा. वीस फुटांवर चुन्याची एक रेघ शाळेच्या व्हरांड्यात कायमची मारली गेली. "दात कुन्या बाजूले?" असं विचारायचं, पोराने हात दाखवायचा, की कंगवा पाठीमागे नेऊन फिरवायचा आणि पुन्हा समोर धरायचा. छापलेल्या तक्त्यावर आमच्या शाळेत कुणी विश्वास ठेवायचा नाही, असा मॅडमचा हुकूमच होता.

मैदान तर त्यांनी भरूनच काढलं. कविता बाहेर, पाढे बाहेर, डबे बाहेर. एका पालकाने येऊन, ही शाळा आहे की गायरान, असं विचारलं. "दोन्ही," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या नादाने मलाही क्षेत्रफळ शिकवायला पोरांना फीत देऊन मैदानावर न्यावं लागलं, आणि नाइलाजाने तो तास चांगला झाला.

उत्साहात त्यांची आणखी एक चूक झाली. मैदानावर रोज खेळलं तर चष्मा उतरेल, असं त्यांनी चार-पाच आयांना सांगून टाकलं. साहेबांनी त्यांना समजावलं की लागलेला चष्मा खेळून जात नाही, उलट तो नियमित लावायला हवा. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मॅडम निघाल्या. "कुठे?" मी विचारलं. "चुकीचं सांगितलं तं वापस घ्यावं लागते," त्या म्हणाल्या आणि पाचही घरी जाऊन आल्या. पायीच.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. त्याच्या महिनाभर आधी पथक आलं, तेव्हा साहेबांच्या जागी एक नवी तरुण मुलगी होती. मुलांसोबत शिक्षकांचीही नजर बघून घेऊ, असं ती म्हणाली. तिने छापील तक्ता टांगला. माझा जुनाच चष्मा, माझं लवकर आटोपलं. मग मॅडम रेघेवर आल्या, टाचा जुळवल्या, तळवा डोळ्यावर ठेवला.

"उजवा, वर, डावा, वर, खाली..." खालच्या ओळीपर्यंत न थांबता.

"वा मॅडम! या वयात अशी नजर!" ती मुलगी म्हणाली आणि कागदावर लिहू लागली.

दहावीतली श्रावणी रांगा लावत होती. चष्म्याला मागून काळं इलॅस्टिक, ते मॅडमनीच शिवून दिलेलं. ती पुढे आली.

"थांबा ताई. लिवू नका," ती म्हणाली. सरळ मॅडमजवळ गेली आणि त्यांच्या जाकिटाच्या खिशात हात घातला. शाळेत दुसऱ्या कुणाची तशी छाती झाली नसती. कंगवा काढून ती वीस फुटांवर जाऊन उभी राहिली, पाठीमागे नेऊन तो फिरवला आणि वर धरला.

"मॅडम, आपल्या शायेत तक्ता चालत नाई. दात कुन्या बाजूले?"

सगळी शाळा पाहत होती. मॅडमचा हात थोडा वर गेला, थांबला आणि खाली आला. गेले काही महिने त्या जिना उतरताना कठड्याला हात लावून उतरत, हे मला तेव्हा आठवलं. पोरांना लांबून हाका मात्र बरोबर मारत होत्या. चालीवरून ओळखायची जन्माची सवय. कुणाला शंका येणार कशी?

"नाई दिसून राह्यलं पोरी," त्या म्हणाल्या. मैदानावर घुमणारा तोच आवाज, जरासुद्धा कमी न केलेला. "धुकं हाय नुस्तं."

पथकातल्या मुलीने टॉर्च लावून पाहिलं. मोतीबिंदू होता, शस्त्रक्रियेने बरा होणारा. श्रावणीने कंगवा परत त्यांच्या खिशात ठेवला, पथकातल्या मुलीने लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि डोळे अधू निघालेल्या पोरांच्या रांगेकडे बोट केलं. "मॅडम, त्या लाइनीत," एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण हात सरळ होता.

या बाईंचा मला किती अभिमान वाटतो हे मी त्यांना कधी तोंडावर सांगितलं नाही. त्या दिवशी सांगायला गेलो होतो. पण त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या, शेवटी, एका पाचवीतल्या मुलीच्या मागे. निळं जाकीट, पांढरेशुभ्र बूट, टाचा जुळलेल्या, हातात चिठ्ठी. पुढची मुलगी वळून वर बघत होती.

"मॅडम, तुमाले पन?"

"हो व," मॅडम म्हणाल्या. "तू समोर पाह्य."